भाजी ‘केली’ आणि भाजी ‘खाल्ली’, हिशेब कुणाचा धरायचा?

वाचकांचे प्रश्न, आहाराबद्दल

मागच्या अंकात मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या सूचनांबद्दल लिहिलं होतं, की मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं हवीत. त्यावर भरपूर पत्रं आली आणि गंमत वाटली की वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या वयाच्या लोकांचा प्रश्न शेवटी एकच, माणूस सांगतो तेवढं तो खरंच खातो का आणि ते कळायचं कसं. हा माझ्या अगदी जवळचा विषय, त्यामुळे या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हेच घेतलेत.

प्रश्न : ताई, माझ्या मिस्टरांना चार वर्षांपासून शुगर आहे. दर तीन महिन्यांनी आम्ही आहारतज्ज्ञ मॅडमकडे जातो. त्या विचारतात भाज्या-फळं किती खाता, की हे लगेच सांगतात, "रोज दोन वाट्या भाजी आणि एक फळ." मी शेजारीच बसलेली असते. भाजी मी करते, ताटात किती उरते तेही मीच बघते, दोन वाट्या कधीच होत नाहीत. घरी आल्यावर यावरून आमचं वाजतं. डॉक्टरांपुढे खोटं का बोलायचं? आणि असं सांगितलेलं कुणी तपासून बघतं का?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : आधी ते भांडण मिटवा, कारण तुमचे मिस्टर खोटं बोलत नाहीयेत. मी वीसेक वर्षं लोकांच्या घरी जाऊन ‘काल काय खाल्लं’ हे विचारण्याचं काम केलंय, ठरवून खोटं सांगणारा माणूस मला फार क्वचित भेटला. पण सांगितलेलं आणि खाल्लेलं तंतोतंत जुळलं असंही फार क्वचित झालंय, आणि यात माझं स्वतःचं खाणंसुद्धा आलं.

‘रोज किती खाता’ हा प्रश्नच बघा ना. याचं खरं उत्तर द्यायचं तर महिन्याभरातली साठ जेवणं आठवायची, प्रत्येकातली भाजी वेगळी काढायची, तिचा अंदाज करायचा, बेरीज करून तीसने भागायचं आणि हे सगळं मॅडमच्या समोरच्या खुर्चीत बसून पाच सेकंदात. कुणालाच जमत नाही. मग माणूस काय करतो तर ‘आपला नेहमीचा दिवस’ म्हणून जो डोळ्यासमोर येतो तो सांगून मोकळा होतो, आणि डोळ्यासमोर येतो तो दिवस चांगलाच असतो, सकाळी पालेभाजी, रात्री फळभाजी, जेवणानंतर पेरू. ज्या दिवशी पिठलं-भातावर भागलं, ज्या दिवशी लग्नाचं जेवण होतं, ज्या दिवशी ऑफिसातून यायला उशीर झाला आणि वडापाव खाऊन झोपले ते दिवस ‘अपवाद’ म्हणून बाजूला पडतात. मोजून बघितलं तर असे अपवाद आठवड्यात तीन-चार निघतात.

दुसरं म्हणजे वाटी. तुमची वाटी आणि त्यांची वाटी एकच आहे का? आपल्याकडे आमटीची वाटी वेगळी, सणावाराच्या ताटातली छोटी वाटी वेगळी, आणि त्यात परत ती काठोकाठ की अर्धी, सुकी भाजी की रस्सा. वांग्याच्या रस्स्याच्या वाटीत फोडी दोन आणि बाकी शेंगदाण्याचं कूट, तेल, पाणी असेल तर ती एक वाटी भाजी मोजायची का? त्यांनी मोजली, तुम्ही नाही मोजली. दोघंही आपल्या जागी बरोबर.

आणि तिसरं, मला वाटतं सगळ्यात मोठं, म्हणजे समोर बसलेल्या माणसाला काय ऐकायचंय ते आपल्याला कळतं. यावर अमेरिकेत एक फार साधा प्रयोग झालाय, २००८ मध्ये तो छापून आला. ३५ ते ६५ वयाच्या १६३ बायका घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला मुलाखतीआधी फळं-भाज्या खाणं कसं चांगलं हे सांगणारं पत्र पाठवलं, सोबत ‘दिवसातून पाच वेळा फळं-भाज्या’ या तिकडच्या मोहिमेचं थोडं साहित्य. दुसऱ्या गटाच्या पत्रात यातलं काही नव्हतं. नंतर सगळ्यांना प्रश्न तेच. तर पहिल्या गटातल्या बायकांनी सरासरी दिवसाला ५.२ सर्व्हिंग (म्हणजे एका वेळच्या खाण्याची ठरावीक मापं) सांगितल्या आणि दुसऱ्या गटातल्या बायकांनी ३.७. ही प्रश्नावली मागच्या बऱ्याच दिवसांच्या खाण्याबद्दल असते, त्यामुळे पत्र आलं आणि लगेच खाणं वाढलं असं म्हणायलाही फार जागा नाही. खाणं साधारण तेच, सांगणं बदललं. एका पत्राने एवढा फरक पडत असेल तर भिंतीवर फळांचं चित्र आणि समोर पांढरा कोट असताना किती पडत असेल?

उलट्या दिशेनेही होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने मेरीलँडमध्ये ४८४ जणांवर एक अभ्यास केला, २००३ साली त्याचे निकाल आले. शरीर खरंच किती कॅलरी खर्च करतं हे त्यांनी खास पाणी पाजून आणि लघवी तपासून मोजलं. त्या पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन जरा वेगळ्या वजनाचे असतात, ते शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात त्यावरून खर्च काढता येतो. आणि प्रश्नावलीत लोकांनी सांगितलेल्या कॅलरी त्यापेक्षा किती कमी होत्या, तर पुरुषांच्या ३१ ते ३६ टक्के, बायकांच्या ३४ ते ३८ टक्के. म्हणजे एकूण खाणं कमी सांगितलं जातं आणि भाजी जास्त. दोन्हीकडे ओढा एकच, आपण बरे दिसावं.

आता तुम्ही विचाराल की एवढं काटेकोर कशाला, थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं. शुगरच्या पेशंटच्या घरी तर हे नक्की कळायला हवं, म्हणून सांगते. इंग्लंडच्या नॉरफोक भागात २१,८३१ लोकांवर बारा वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यातल्या ७३५ जणांना पुढे डायबेटिस झाला. सुरुवातीला त्या लोकांनी प्रश्नावलीत फळं-भाज्या लिहून दिल्या होत्या आणि त्यांच्या रक्तातलं व्हिटॅमिन सीसुद्धा मोजलं होतं, कारण आपल्या रक्तात ते येतं मुख्यतः फळं-भाज्यांतूनच. लिहून दिलेल्या आकड्यांवरून बघितलं तर सगळ्यात जास्त खाणाऱ्यांमध्ये डायबेटिसची शक्यता सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा साधारण २२ टक्क्यांनी कमी दिसली. रक्तावरून बघितलं तर तोच फरक ६२ टक्के! (म्हणून उद्यापासून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या सुरू करू नका हां, रक्तातलं सी हा इथे फळं-भाज्यांचा माग आहे, आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांचं बाकीचं राहणीमानही थोडं वेगळं असू शकतं.) पण विचार करा, तोंडी हिशेब एवढा पुसट असला की भाजीचा खरा फायदाही पुसट दिसतो आणि मग लोक म्हणतात भाजी खाऊन काही होत नाही.

तुमच्या घरासाठी एक करा. पाच किलोपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या. तीन साधे दिवस आणि एक रविवार असे चार दिवस निवडा. निवडून-चिरून झालेली भाजी कढईत जायच्या आधी वजन करायचं, जेवणारी माणसं किती आणि कुणी किती घेतलं ते लिहायचं. आणि मुख्य म्हणजे लिहायचं मिस्टरांनी, तुम्ही नाही, आणि तुम्ही मधेमधे डोकावायचंही नाही. मी घरी एकदा मेथीची जुडी अशी मोजली होती, आणली तेव्हा ३१० ग्रॅम, मुळं-देठं काढून पानं उरली १५०, आणि परतल्यावर ती कढईच्या तळाशी एवढीशी होऊन बसली. आम्ही चौघं जेवायला. म्हणजे ‘आज मेथीची भाजी खाल्ली’ याचा अर्थ प्रत्येकी चाळीस ग्रॅमसुद्धा नाही! मला त्या दिवशी खरंच धक्का बसला होता, कारण मी ती माझ्या डोक्यात पूर्ण एक वाटी धरून चालले होते.

तो चार दिवसांचा कागद पुढच्या वेळी मॅडमच्या टेबलावर ठेवा. त्यांनाही खूप बरं वाटेल, बघा.

प्रश्न : मॅडम, मी गृहविज्ञानात एमएस्सी करतेय, कोल्हापूर जिल्ह्यातल्या १०० महिलांचा फळं-भाज्यांचा आहार हा माझा प्रबंधाचा विषय आहे. ४२ भाज्यांची आणि १८ फळांची यादी केली आणि प्रत्येक किती वेळा खाता हे विचारलं. पण बेरीज केली तर दिवसाला सरासरी ९०० ग्रॅम भाजी येतेय! गाइड म्हणतात डेटा चुकीचा भरला. मी रात्र रात्र बसून तपासला, भरण्यात चूक नाहीये. काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, तुझा डेटा भरण्यात चूक नाहीच आहे, चूक यादीच्या लांबीत आहे. गणित करून बघ. ४२ भाज्या, आणि प्रत्येकीला बाई म्हणाली ‘आठवड्यातून एकदा होते’. एकेक उत्तर ऐकायला किती रास्त वाटतं, भेंडी आठवड्यातून एकदा, दोडका आठवड्यातून एकदा, गवार आठवड्यातून एकदा. पण ४२ भाग सात म्हणजे रोज सहा वेगवेगळ्या भाज्या झाल्या! कुठल्या घरात होतात? यादी जितकी लांब तितका आकडा फुगतो, हे या प्रकारच्या प्रश्नावलीचं जगभरातलं दुखणं आहे. शिवाय सीझन. जानेवारीत मटार-गाजर-मेथीची रेलचेल असते तेव्हा विचारलंस की एक उत्तर, मे महिन्यात विचारलंस की दुसरं, आणि बाई दोन्ही वेळा ‘वर्षभरातलं’ म्हणूनच सांगणार.

यावर एक सोपा उपाय वापरतात. यादीच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, ‘एका दिवसात किती वेळा भाजी ताटात येते?’ आणि यादीची बेरीज या उत्तराच्या मापात बसवायची. म्हणजे यादीवरून कुठली भाजी जास्त कुठली कमी हे कळतं, आणि एकूण किती ते त्या एका प्रश्नावरून. तू आता १०० जणींकडे परत जाऊन एवढा एकच प्रश्न विचारलास तरी प्रबंध वाचेल.

पण खरं सांगू का, तुला यातलं खरं काम शिकायचं असेल तर थोड्या घरी ‘काल’ विचार. चोवीस तासांची आठवण. आपल्या देशात राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्यूरोने १९७२ पासून गावोगावी हेच केलं, प्रमाणित वाट्या-चमच्यांचा संच बरोबर घेऊन. त्याची पद्धत अशी की आधी बाईला विचारायचं किती कच्ची भाजी घेतली, मग शिजून भांड्यात कुठपर्यंत आली, मग त्यातली तिच्या वाट्याला वाटीच्या मापाने किती. कच्च्याला शिजलेल्या एकूण मापाने भागायचं, तिच्या वाट्याने गुणायचं, झाली तिची भाजी.

इथे मला पुरंदरकडच्या एका घरातली दुपार आठवते. सोबत अंगणवाडीच्या ताई होत्या, आम्ही ओसरीवर बसलो, चहा आला. घरातल्या बाईला विचारलं काल रात्री काय, ती म्हणाली वांग्याची भाजी. लिहून घेतलं. किती? अर्धा किलो वांगी. लिहून घेतलं. माणसं? सात. मी सरळ भागाकार करणार होते, तेवढ्यात काय वाटलं माहीत नाही, मी म्हटलं जरा ते पातेलं दाखवता का. तिने पातेलं आणलं, मी म्हटलं भाजी कुठपर्यंत होती, तिने बोटाने दाखवलं, तिथपर्यंत पाणी ओतलं आणि आमच्या मापाने मोजलं. मग विचारलं, सासरे-दीर-मिस्टर-मुलं जेवल्यावर तुम्ही बसलात तेव्हा कुठपर्यंत होती? तिचं बोट पातेल्याच्या अगदी बुडाला टेकलं. "थोडं कालवण राहिलं होतं, त्यात भाकरी चुरली," असं म्हणाली. फोडी? "एखादी असंल."

पहिल्या उत्तरावर थांबले असते तर त्या बाईच्या नावावर मी ७० ग्रॅम वांगी लिहिली असती. खरी होती एक फोड. आणि ती काहीच चुकीचं बोलली नव्हती, मी विचारलं काय होतं, तिने सांगितलं काय केलं होतं. आपल्याकडे भाजी ‘केली’ आणि भाजी ‘खाल्ली’ या दोन गोष्टी घरातल्या बाईच्या बाबतीत एक नसतात, आणि तुझा विषय महिलांचा आहार आहे, त्यामुळे तुझ्या प्रश्नावलीत हा फरक आला नाही तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. मी तेव्हापासून पातेलं बघितल्याशिवाय आकडा लिहिला नाही.

आठवण काढून घेण्याचंही तंत्र आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याचे पाच टप्पे केलेत. आधी माणसाला न अडवता सगळं भराभर सांगू द्यायचं, मग जे हमखास विसरलं जातं त्याबद्दल वेगळं विचारायचं, मग वेळ आणि प्रसंग, मग प्रमाण, आणि शेवटी परत एकदा ‘अजून काही?’. आपल्याकडे विसरल्या जाणाऱ्या गोष्टींची यादी तू स्वतः कर, भाकरीबरोबरचा कांदा, शेतात जाताजाता तोडलेली काकडी, चिंचा-बोरं, पोरांच्या ताटातली उरलेली केळी, वरणात घातलेला टोमॅटो. फळ तर ताटात नसतं म्हणून हमखास राहतं.

आणि १०० पैकी निदान २५-३० जणींकडे दोन दिवस प्रत्यक्ष काटा घेऊन बस, म्हणजे तुझी प्रश्नावली कितपत खरी ते तुलाच कळेल. फक्त तिथे एक चूक करू नकोस, जी मी खूप प्रबंधांत बघते. दोन आकड्यांचा सहसंबंध काढतात, म्हणजे एक वाढला की दुसराही किती नेमाने वाढतो ते (१ म्हणजे एकदम पक्का), आणि ०.८ आला की लिहितात प्रश्नावली अचूक. गावातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असतील तर त्यांचा खऱ्या वेळेशी सहसंबंध एकदम पक्का येईल, पण एसटी सगळ्यांना दहा मिनिटं उशिरा आल्यासारखीच वाटेल ना! म्हणून प्रत्येक बाईच्या सांगितलेल्या आणि मोजलेल्या आकड्यातला फरक काढ, त्या फरकांची सरासरी बघ आणि ते किती पसरलेत ते बघ. ब्लँड आणि ऑल्टमन या दोघांनी १९८६ मध्ये ही रीत डॉक्टरी मोजमापांसाठी मांडली होती, तुझ्या गाइडना माहिती असेल.

आता एवढं सगळं वाचून नुसतं ‘किती वेळा खाता’ हे विचारणं फुकट आहे असं समजू नकोस. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला होता. त्यात कॅलरी-प्रोटीनच्या आकड्यांचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध लागला नाही, पण पालेभाजी आणि फळं किती वेळा खाल्ली याचा लागला. आणि २८व्या आठवड्यात रक्ताच्या लाल पेशींतलं फोलेट (पालेभाज्यांत असणारं एक ब जीवनसत्त्व) मोजलं होतं, ज्यांचं जास्त त्यांची बाळंही वजनदार. म्हणजे विचारून मिळालेलं उत्तर आणि रक्तातून मिळालेलं उत्तर एकाच बाजूला गेलं. ग्रॅम काढायला ते प्रश्न कच्चे असतील, पण कोण जास्त खातं कोण कमी हे ओळखायला ते पुरले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही रोज, आठवड्यातून, कधीतरी की कधीच नाही एवढंच विचारतात, त्यावरून ग्रॅम काढायला जायचं नाही हे लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

प्रश्न : माझी नात न्यू जर्सीला असते. तिथल्या एका आरोग्य मेळाव्यात तिचं बोट एका मशीनमध्ये ठेवलं आणि ती फळं-भाज्या किती खाते त्याचा स्कोअर दिला म्हणे. हे शक्य आहे का? आणि असं असेल तर विचारत बसायची गरजच काय?
– एक आजोबा, पुणे

उत्तर : काका, हो, शक्य आहे. त्याला व्हेजी मीटर म्हणतात, अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीतल्या एका कंपनीचं आहे. गाजर, भोपळा, पालक, आंबा, पपई यात पिवळी-केशरी रंगद्रव्यं असतात, कॅरोटिनॉइड, ती पोटातून रक्तात आणि रक्तातून हळूहळू कातडीत येऊन साठतात. पपई-गाजर फार झालं की तळहात पिवळे पडतात ना, तेच. ही रंगद्रव्यं निळा प्रकाश शोषून घेतात. मशीन बोटाचं टोक एका भिंगावर दाबून धरतं म्हणजे तिथलं रक्त बाजूला सरतं आणि रक्ताच्या लाल रंगाची अडचण होत नाही, मग प्रकाश टाकून किती परत आला ते बघतं आणि ० ते ८०० मध्ये आकडा देतं. सुई नाही, एका मिनिटाच्या आत काम, त्यामुळे लहान मुलांसाठी फारच सोयीचं.

पण विचारायची गरज मात्र उरतेच. कारण या मशीनला फ्लॉवर, मुळा, कांदा, केळं, सफरचंद जवळजवळ दिसतच नाही, त्यात ती रंगद्रव्यं फार कमी. म्हणजे कुणी रोज वाटीभर फ्लॉवर खाल्ला तरी स्कोअर हलणार नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात बोट ठेवलं तर आंब्याने बऱ्यापैकी वर जाईल. अंड्यातल्या पिवळ्या बलकातही ही द्रव्यं असतात. सिगारेट ओढणाऱ्यांचा आकडा खाली येतो, अंगात चरबी जास्त असेल तर ती द्रव्यं तिकडे जाऊन बसतात. भाजीत तेल-तूप किती, शिजवली की कच्ची यानेही फरक पडतो, टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य, लायकोपीन, शिजवल्यावर जास्त अंगी लागतं. शिवाय कातडीतला साठा काही आठवड्यांनी बदलतो, कालच्या जेवणाचं त्यात काही कळत नाही.

रक्तातल्या व्हिटॅमिन सीचंही तसंच, दिवसाला २००-४०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की रक्तातला आकडा जवळपास तिथेच थांबतो, जास्तीचं लघवीवाटे जातं. संत्री-मोसंबी खाल्ली का हे लघवीतल्या प्रोलीन बीटेन नावाच्या द्रव्यावरून छान कळतं, पण फक्त संत्री-मोसंबीच. प्रत्येक मापाला एक कोपरा दिसतो. म्हणून जाणकार लोक विचारतातही आणि मोजतातही, आणि दोन्ही कुठे जुळतात ते बघतात. नातीला सांगा, दुसऱ्याच्या स्कोअरशी तुलना करू नकोस, तीन महिन्यांनी परत बोट ठेव आणि स्वतःच्याच आकड्याशी ताडून बघ.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे, आम्ही ती घालतोही. जेवण झालं की मी वर्गात विचारतो भाजी सगळ्यांनी खाल्ली का, आणि सगळे हात वर. पण ताटं धुवायच्या जागी भोपळ्याच्या फोडी पडलेल्या दिसतात. मुलांकडून खरं कसं काढायचं?
– एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : गुरुजी, ताटं धुवायची जागा बघता म्हणजे तुमचं निम्मं काम झालंय! वर्गात हात वर करायला सांगू नका, बाजूच्याचा हात वर गेला की आपला आपोआप जातो आणि गुरुजींना काय आवडेल हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं.

मुलांच्या आठवणीवर बराच अभ्यास झालाय, शाळेत जेवताना लांबून बघायचं, लिहून ठेवायचं आणि नंतर मुलाला विचारायचं. त्यात दोन प्रकारच्या चुका सापडतात. खाल्लेलं विसरणं ही एक, ती आपल्याला अपेक्षितच असते. पण दुसरी म्हणजे न खाल्लेलं सांगणं, आणि तीही पुष्कळ होते, मुलाला परवाचं जेवण आजचं वाटतं किंवा ताटात वाढलं होतं म्हणजे खाल्लंच असं वाटतं. जेवण आणि प्रश्न यात जितका कमी वेळ तितक्या चुका कमी. तेव्हा विचारायचं असेल तर त्याच दिवशी, एकेकट्याला, आणि ‘भाजी खाल्ली का’ असं नाही तर ‘आज ताटात काय काय होतं, त्यातलं काय राहिलं’ असं.

त्यापेक्षाही सोपं सांगू? रोज पाच मुलं मनात ठरवा, त्यांना कळू न देता त्यांची ताटं बघा, काठाला काढून ठेवलेल्या फोडी मोजा. एक बादली फक्त उरलेल्या भाजीसाठी ठेवा आणि तिचं वजन रोज वहीत लिहा. दोन आठवड्यांत कुठल्या दिवशी बादली भरते ते दिसेल, मग त्या दिवशीची भाजी बारीक किसून घालता येते का, फोडणी बदलता येते का हे स्वयंपाकाच्या ताईंशी बोला. आणि कृपा करून रिकाम्या ताटाला बक्षीस ठेवू नका, फोडी मग खिशातून बाहेर जातील आणि तुमची वही खोटी होईल.

प्रश्न : बटाटा भाजीत धरायचा का? आणि माझ्यासारख्या सत्तरीच्या बाईला काटाबिटा जमत नाही, दुसरा काही उपाय?
– एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या म्हणते, त्यात बटाटा, रताळं धरत नाही. सर्व्हेत मात्र लोक बटाट्याची भाजी ‘भाजी’ म्हणूनच सांगतात आणि त्यांचं काही चुकत नाही, विचारणाऱ्याने आधी सांगायला हवं.

काटा नको, तुमची बाजाराची पिशवी पुरेल. घरात चार मोठी माणसं असतील तर सुरुवातीला सांगितलेल्या हैदराबादच्या संस्थेच्या हिशेबाने, म्हणजे माणशी ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळं, आठवड्याला अकरा किलोच्या वर भाजी लागते, आणि फळं पावणेतीन किलो. तीही साल-देठ-बिया काढून, म्हणजे आणताना अजून जास्त. कांदे-बटाटे बाजूला ठेवून भाजीवाल्याकडे प्रत्येक वेळी किती किलो झालं तेवढं कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलने लिहीत जा, सुकून-सडून टाकलेलं अंदाजाने वजा करा, आणि महिनाअखेरीला बेरीज मला कळवा. मी खरंच वाट बघतेय, डोंबिवलीच्या एका घरातला महिन्याचा आकडा मला पुढच्या अंकासाठी हवाच आहे.